ऐनाची रेंगी आणि चार डोळ्यांचं पाखरू

मी एक जुनी रेंगी आहे, मित्रांनो, आणि आधीच सांगते, मला तुमची दया नको. दोन माणसं आणि एक गाठोडं बसलं की भरणारी छोटी बैलगाडी, ती रेंगी. कोहमाऱ्याजवळच्या रानात बकाराम सुताराने मला ऐनाच्या लाकडातून घडवलं. "ऐन होय. मोडन, पण वाकणार नाई," असं तो म्हणाला होता. ते मी कधी विसरले नाही.

माझा मालक जंगलू. तो आणि त्याची बायको फुलवंता ऐनाच्या झाडांवर कोशाचे किडे पाळत. त्यांच्या कोशांतून रेशीम निघतं. किडे झाडावर असेपर्यंत जंगलू दाढी करत नसे, मांसाला शिवत नसे. एवढं सोवळं पाळूनही एका वर्षी रोग पडला. सगळे किडे काळे पडून गळाले, बियाण्यालासुद्धा एक कोसा उरला नाही. मग जंगलूने आसामच्या चहामळ्यात जायचं ठरवलं. तिकडे गेलेलं माणूस आमच्या गावात परत आलं नव्हतं. मला म्हणे टेसनावरच सोडून देणार होते. मीही वाटभर करकरत राहिले, अगदी मुद्दाम.

आमगावच्या टेसनाच्या वाटेवर फुलवंता एकदम म्हणाली, "अजी, बैल थांबवा. त्या ऐनावर पाहा."

फांदीवर तळहाताएवढं पिवळं पाखरू बसलं होतं. चारही पंखांवर एकेक गोल डोळा. किडा कोशातून पतंग होऊन बाहेर पडतो, तेच हे कोशाचं पाखरू.

"नर असन," जंगलू म्हणाला. त्याने नीट पाहिलंही नाही. "कायले वेळ घालवून राहिली? गाडी सुटन."

"पाहून तर बोला. नर लाल रायते, हे पिवळी हाय. नराच्या मिशा पिसावानी रुंद, हिच्या बारीक. अन् पोट पाहा, अंड्यानं भरलं हाय."

जंगलू खाली उतरला. बराच वेळ पाहत राहिला. "मादीच होय," तो हळूच म्हणाला. "पण नर कोठून आणशीन?"

"रान मेलं नाई अजून. बांधून ठेवू हिले. येईन तो."

आमच्याकडची ती रीतच आहे. मादीला बांधून ठेवलं की रानातला नर तिच्या वासावर येतो. पण त्यासाठी थांबायचं म्हणजे आगगाडी चुकणार, हे दोघांनाही ठाऊक होतं. फुलवंताने लुगड्याचा धागा ओढला आणि मादीला माझ्या उभारीला, म्हणजे कडेच्या उभ्या दांड्याला, बांधलं. जंगलूने बैल सोडले. दुरून आगगाडीची शिटी ऐकू आली तेव्हा जंगलू बैलांपुढे गवत टाकत होता. मला फार आनंद झाला.

सकाळी लाल नर येऊन बसला होता. पुढे मादीने अंडी घातली ती माझ्याच लाकडावर. मला झाड समजली असेल. समजू दे, मी ऐनच आहे. फुलवंताने एकेक अंडं अलगद सोडवून पानाच्या दोन्यात ठेवलं आणि आम्ही घरी परतलो. त्या बियाण्यावर त्यांचं घर पुन्हा उभं राहिलं.

आता जंगलू नाही. यंदा स्वराज्य आलं, आमगावला झेंडा लागला, लोक मोटारीत बसून पाहायला गेले. मी अंगणात पडून आहे. शेजारचा श्यामलाल रोज म्हणतो, "फोडा हिले, चुलीत घाला."

या, कुऱ्हाड घेऊन या. पण मित्रांनो, घाव घालण्याआधी माझी उभारी नीट पाहा. तिथे पाखरू बसलेलं दिसलं आणि नर की मादी ओळखता आलं नाही, तर कुऱ्हाड खाली ठेवा. घरात फुलवंता आहे, आधी तिला विचारून या.