थोरलीने शिकवलेली मान

“अशी पटपट नको गं हलवूस मान! दाणे टिपणारी चिमणी दिसतेस. सावकाश. एकदाच. डोळे फळ्यावर.”

धाकटीने मान हलवली.

“आता ओठ जरा मुडप. हां! वाटतं, बाई विचारात पडल्यात.”

दोघी खाटेवर लोळून हसल्या. धाकटी वसतिगृहात आल्यापासून पहिल्यांदाच हसली होती.

पहिल्या वर्षाच्या प्रत्येक मुलीला तिसऱ्या वर्षाची एक मुलगी सांभाळायला, हे त्या कॉलेजचं जुनं वळण. जोडीला सगळे थोरली-धाकटी म्हणत. गणिताचे सर गोंधळलेला चेहरा दिसला की उभं करत आणि वर्ग फिदीफिदी हसे. धाकटी तशी उभी राहिली होती आणि उशीत तोंड खुपसून रडली होती. म्हणून थोरलीने तिला समजल्यासारखी मान हलवायची ही विद्या दिली. तिच्या थोरलीने तिला दिली होती तशीच.

“अडलं की संध्याकाळी माझ्याकडे यायचं. लाजायचं नाही.”

धाकटी रोज आली. थोरली स्वतःचा अभ्यास बाजूला सारून जीव ओतून शिकवी. शेवटी विचारी, “समजलं?”

धाकटी मान हलवी. थोरलीचा शीण उतरे.

“माझी धाकटी म्हणजे सोनं आहे, सोनं!” ती जेवणघरात साऱ्यांना सांगत सुटे.

निकाल लागला. सोनं एकाही विषयात उतरलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी वडील न्यायला आले. शिंपीकाम करणारा माणूस. लेकीच्या चादरीचीसुद्धा त्यांनी काठाला काठ जुळवून घडी केली.

“काका, एक संधी द्या. मी पहिल्यापासून शिकवते हिला.”

“पोरी, तू काय कमी केलंस? फोनवर हिच्या तोंडी तुझंच नाव. ताई सोपं करून सांगते, ताई रागवत नाही. नाही झेपत एखादीला. शिवणयंत्रावर बसेल आता. काजं-बटणं येतात तिला.”

धाकटी पेटीला दोरी आवळत होती. थोरली तिच्याजवळ उकिडवी बसली.

“मी रोज विचारायचे ना गं तुला? एकदा तरी ‘नाही’ म्हणायचंस.”

“म्हणणार होते.” धाकटीने गाठीवर गाठ मारली. “पण तू दमलेली असायचीस, ताई. आणि मी मान हलवली की तुझा चेहरा कसा उजळायचा.”

थोरलीला आता रोजची ती मान आठवली. सावकाश, एकदाच, डोळे कागदावर, ओठ मुडपलेले. सगळं तिच्यासमोरच घडत होतं. आपलीच शिकवण तिला ओळखता आली नव्हती.

फाटकाशी रिक्षा थांबली. वडिलांनी पेटी आत सरकवली. थोरलीने रिक्षाची दांडी घट्ट धरून ठेवली.

“ऐक. घरूनही परीक्षा देता येते. पुस्तकं सोडू नकोस. अडलं की फोन कर, कधीही कर. परत यायचं आहे तुला. समजलं?”

धाकटीने तिच्याकडे पाहिलं. मान हलवली. सावकाश. एकदाच. ओठ जरासे मुडपलेले.

“बघ, समजलं तिला,” वडील समाधानाने म्हणाले आणि लेकीशेजारी बसले.

थोरलीने दांडी सोडली.