ताराला पाहायला आले

शेजारच्या ताराचं रशियाला जाणं हुकलं, याची मला अजून चीड येते. ती नेमकी कोणावर काढावी तेवढं कळत नाही.

रशियन इंजिनियरांच्या मदतीने उभारलेल्या पोलाद कारखान्याची आमची टाऊनशिप; तिथल्या शाळेतून एका विद्यार्थ्याला वर्षभर रशियात शिकायला पाठवायचं ठरलं होतं. लेखी परीक्षेत तारा पहिली आली. बाप गुलाबराव प्लांटमध्ये क्लार्क, आई अंजनाबाई चौथी शिकलेली. पोरगी मात्र जवळच्या सुपेल्याच्या बाजारात त्या इंजिनियरांच्या रशियन बायकांना वांग्यांचा भाव करून द्यायची, त्यांच्याच भाषेत. तिची जीभ म्हणजे कातरच! आता कमिटी घरी येऊन तिला भेटणार, एवढंच उरलं होतं.

परके लोक घरी येऊन पोरगी निवडतात, हे अंजनाबाईने आयुष्यात एकदाच पाहिलं होतं. वर्ध्याला, तिला स्वतःला पाहायला आले तेव्हा. तारा रशियाला जावी म्हणून तिने सोमवार धरले होते. म्हणून तर जे येत होतं ते तिने जीव ओतून केलं. स्वतःच्या लग्नातलं लुगडं पोरीला नेसवलं, पोह्यांची बशी हातात दिली आणि बजावलं, "मान वर करू नको. इचारल्याबिगर बोलू नको. जास्त बोलनाऱ्या पोरीले कोनी पसंत नाई करत."

"आई, हे तसे लोक नाहीत," तारा म्हणाली.

"मले शिकवू नको. सारे लोक सारखेच असतात."

मी पोह्यांवर खोबरं घालायला गेले होते, म्हणून सगळं डोळ्यांनी पाहिलं. हेडमास्तर, प्लांटचे एक साहेब आणि एक रशियन बाई आली. साहेबांनी विचारलं, "तिकडे आजारी पडलीस तर काय करशील?"

"आजारी पडतच नाई जी ते," अंजनाबाई म्हणाली.

"घरची आठवण आली तर?"

"सोशिक हाय जी पोरगी."

मग रशियन बाई पुढे वाकून आपल्या भाषेत ताराशी काही बोलली. ताराने मान वर केली, तोंड उघडलं. अंजनाबाई खाकरली. मान खाली गेली.

निवड दुसऱ्याच मुलाची झाली. हेडमास्तर म्हणाले, "हुशार आहे, पण फार बुजरी. परदेशात टिकायची नाही." बुजरी म्हणे! अहो, घरी येऊन काय पाहणार, ते त्या माउलीला आधी सांगायला तुमचं काय जात होतं?

तारा रडली नाही. तिने बोलणंच कमी केलं. बाजारात रशियन बायका हाक मारायच्या, ही नुसती हसून पुढे जायची.

उन्हाळ्यात दुर्गहून रेल्वेतली माणसं आली. यावेळी खरोखरच लग्नासाठी. "दहावी पुरे झाली," गुलाबराव म्हणाले. तेच लुगडं, तेच पोहे. स्वयंपाकघरात अंजनाबाईने पोरीचे दोन्ही हात धरले. तिचे डोळे भरले होते. "बोलजो माय," ती म्हणाली, "मनात येईन ते बोलजो. नाई म्हनू दे त्याइले. पुढच्या वर्षी पुन्हा परीक्षा देजो."

तारा बाहेर गेली. मुलाच्या बापाने विचारलं, "कायची आवड हाय बेटा तुले?"

आतून अंजनाबाई हलक्या आवाजात म्हणत होती, "बोल ना वं, बोल." ताराने मान वर केली नाही.

"गरीब स्वभावाची हाय," मुलाचा बाप खूश होऊन म्हणाला. "आमाले पसंत हाय."