आई झोपली आहे

डोंगराच्या पायथ्याशी जगभरच्या स्काऊट-गाईड चळवळीतल्या मुलींचं ते केंद्र होतं. दर उन्हाळ्यात निरनिराळ्या देशांतल्या मुली तिथे यायच्या, तंबू ठोकायच्या, स्कार्फांची अदलाबदल करायच्या, कडाकडा भांडायच्या आणि निघताना गळ्यात पडून रडायच्या. केंद्राची व्यवस्था बघणारी बाई सगळ्यांची मावशी. हा शब्द पहिल्यांदा कोणी उचलला कोण जाणे, पण ज्यांना तिच्या भाषेतलं ओ की ठो कळत नव्हतं, त्याही मुली ‘मावशी’ एवढं बिनचूक म्हणायच्या.

त्या वर्षीच्या एका पथकात बारा-तेरा वर्षांची एक मुलगी होती. तोंडाची टकळी सदा चालू, म्हणून मावशीनं तिला चिमणी नाव ठेवलं. चिमणी पहिल्यांदाच घर सोडून राहत होती. दोरीची नवी गाठ शिकली की मोडक्यातोडक्या भाषेत ती मावशीला सांगायची, “ही गाठ आईला दाखवणार. तिला वाटतं, मला साधी बुटाची नाडीही बांधता येत नाही!”

शिबिर संपता संपता विमानतळावरच्या कामगारांनी संप पुकारला आणि परतीची विमानं रद्द झाली. मुलींना काय, आयतीच सुट्टी मिळाली. त्या नाचल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी मावशीच्या ऑफिसातला फोन वाजला. चिमणीचे वडील होते.

“तिची आई सकाळी गेली,” ते म्हणाले. “उभ्या उभ्या कोसळली. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.”

मावशीनं हात लांबवून ऑफिसचं दार लोटलं.

“तिला सांगू नका. मी तिथे नाही, आजी नाही. परक्या मुलखात ती कोणाच्या कुशीत रडणार? घरी आली की मीच सांगेन. हात जोडतो तुमच्यापुढे.”

“बरं,” मावशी म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

तिनं विमान कंपनीला फोन लावला, वकिलातीला लावला, सरहद्दीपलीकडे जाणाऱ्या बसवाल्यालाही विचारून पाहिलं. प्रत्येकानं ऐकून घेतलं, हळहळ व्यक्त केली आणि हात वर केले. अंत्यविधी मुलीवाचूनच उरकला.

मुलींबरोबर आलेल्या पथकाच्या बाईंना मावशीनं सांगितलं, तेव्हा त्या मटकन खालीच बसल्या. “माझ्यानं नाही होणार. माझ्या तोंडावर दिसेल तिला. तुम्हीच सांभाळा.” त्या दिवसापासून बाई चिमणीला टाळायला लागल्या. चिमणीला वाटलं, आपलं काहीतरी चुकलं. म्हणून ती न सांगता सगळ्यांची ताटं धुऊ लागली.

निरोपाची शेकोटी पेटवायचा मान तिला मिळाला, तशी ती घरी फोन करायला धावत ऑफिसात आली. मावशी कागद चाळत बसली. तिला एकही अक्षर दिसत नव्हतं. चिमणी फोनवर भरभर बोलली, मग थांबली आणि तिनं हळूच फोन ठेवला.

“बाबा म्हणतात, आई झोपली आहे. कालही झोपली होती. माझी आई दिवसा कधीच झोपत नाही.”

मावशीनं हातातला कागद उलटा केला.

“मावशी, तुला ठाऊक असेल तर सांग ना. आई बरी आहे ना?”

गाईड खोटं बोलत नाही, हे मावशीनंच सगळ्यांना पहिल्या दिवशी सांगितलं होतं. मुलगी समोर उभी होती, तिच्या हनुवटीला साबणाचा फेस लागलेला. सांगावं तर बापाला दिलेला शब्द मोडत होता. नाही सांगावं तर...

“बरी आहे गं,” मावशी म्हणाली. “दमली असेल.”

चिमणीचा चेहरा खुलला. तिनं शंका घेतली असती, हट्ट धरला असता, तर मावशीला सोपं गेलं असतं. पोरीनं चटकन विश्वास ठेवला आणि ती उड्या मारत निघून गेली. संध्याकाळी तिनं शेकोटी पेटवली, मुलींनी टाळ्या पिटल्या. मावशी धुराचं निमित्त करून डोळे पुसत राहिली.

संप मिटला. बस सुटताना चिमणी खिडकीतून ओरडली, “आईला तुझ्याशी बोलायला लावते हं!” बाई तिच्या शेजारी मान खाली घालून बसल्या होत्या.

दोन दिवसांनी मावशीनं न राहवून फोन केला. वडिलांचा आवाज पार बसला होता.

“सांगितलं. रडली नाही. काही खात नाही. सारखं एकच विचारते, मावशीला ठाऊक होतं का? मी अजून काही बोललो नाही. काय सांगू?”

मावशीच्या मनात आलं, नाही म्हणावं. इतक्या दूर कोण पाहायला येणार आहे? पण पुन्हा तेच करायची ताकद तिच्यात उरली नव्हती.

“होतं, म्हणून सांगा.”

पलीकडे कुजबुज झाली. एक दार आपटलं.

“आत गेली,” वडील म्हणाले. “नंतर बघू.”

“द्याल का तिच्याकडे फोन? थोडा वेळ?”

“ती दार उघडत नाही हो.”

मावशी बराच वेळ फोन कानाला लावून बसली. बाहेर नव्या पथकाची बस आली होती आणि अंगणात मुली तिला हाका मारत होत्या.