दानपेटीतली बिलं

मशीनमधून धूर निघाला तेव्हा म्हातारी त्याच्यापासून दोन हातांवर झोपली होती. फेंगजू दुपारी सूपची हातगाडी बंद करून घरी आली होती म्हणून बरं. तिने आधी प्लग उपटला, मग खिडकी उघडली, मग आईला उठवून बसवलं.

कीलुंग बंदरात पाऊस थांबत नाही आणि आईच्या छातीला ओल सोसत नाही. म्हणून नऊ दिवसांपूर्वी फेंगजूने वेंग शेठच्या दुकानातून हवेतली ओल शोषणारं मशीन आणलं होतं. आता त्याची मागची जाळी वितळून आत गेली होती. तिने मशीन उलटं केलं. सरकारी तपासणीची खूण जिथे असते, तिथे काहीच नव्हतं. स्वस्तात मिळतंय म्हणून घेताना तिने ते उलटं करून पाहिलंच नव्हतं. स्वतःला एक शिवी देऊन तिने मशीन हातगाडीवर चढवलं.

वेंग शेठ चहा पीत बसले होते. त्यांनी मशीनकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"बिल?"

"बिल तुमच्या पेटीत टाकलं. तुम्हीच म्हणालात टाका म्हणून."

गल्ल्याशेजारी अपंग मुलांच्या आश्रमाची पारदर्शक पेटी होती. दुकानाच्या बिलांवर सरकारी सोडतीचे नंबर असतात. लागला नंबर तर आश्रमाला बक्षीस, म्हणून लोक बिलं पेटीत टाकतात. फेंगजू तर वीस वर्षं टाकत आली होती, भाजीवाल्यापासून औषधवाल्यापर्यंत सगळीकडे.

"पेटी परवाच रिकामी करून नेली," शेठ म्हणाले. "बिलाशिवाय मी कसं मानू हे माझ्याकडचं आहे? उद्या कोणीही भंगार घेऊन येईल, मावशी."

"नऊ दिवसांपूर्वी याच खुर्चीत बसून मला म्हणालात, आईसाठी घेताय, पुण्य लागेल. आता मावशीला ओळखत नाही?"

"ओळखतो ना. तुमचं सूप पितो की. पण बिल?"

"मी शिळ्या माशाचे गोळे विकले आणि तुमचं पोट बिघडलं, तर मी काय विचारायचं, वाटी कुठाय?"

दुकानातलं एक गिऱ्हाईक हसलं. शेठ हसले नाहीत.

आश्रमाच्या खोलीत सात-आठ म्हाताऱ्या बिलं निवडत बसल्या होत्या. शेवटच्या आकड्यांप्रमाणे गठ्ठे, गठ्ठ्याला रबर, मागे आश्रमाचा शिक्का. येन आजी त्यांच्या प्रमुख. फेंगजूचं सगळं ऐकून त्यांनी चष्मा वर सरकवला.

"वेंगची पेटी? अगं, ती तर काठोकाठ भरून येते. आम्ही म्हणतो, पुण्यवान माणूस. ती पिशवी अजून निवडलेली नाही, ये."

बिलं हाताने लिहिलेली होती, शेठच्या बायकोच्या तिरक्या अक्षरात. पंखा. इस्त्री. पंखा. तासाभराने फेंगजूला तिच्या तारखेचं बिल सापडलं. पण तोवर येन आजींनी समोर एक वेगळी चळत लावली होती. त्याच मशीनची बिलं. एक, दोन, चार... तेरा.

"ही पण तीच?" फेंगजूने विचारलं.

"तीच. नाव तेच, मॉडेलचा नंबर तोच."

कोणत्याच बिलावर घेणाऱ्याचं नाव नव्हतं. तेरा घरांत ते मशीन चालू होतं आणि त्या तेरा जणांच्या हातात कागद नव्हता. प्रत्येकाला शेठ गोड बोलून पेटी दाखवत होते. दान आश्रमाला, सुटका शेठची.

"वीस वर्षं मी त्याला दुवा देतेय," येन आजी म्हणाल्या. "मेला आमच्या पोरांच्या नावावर हात झटकतोय!"

बिल परत मागायला फेंगजूची जीभ उचलेना. दिलेलं ते दिलेलं. आजींनीच बिलं टेबलावर ओळीने मांडली. "फोटो काढ. तुझं धरून चौदाही काढ. नगरपालिकेच्या ग्राहक अधिकाऱ्याला हवी असतील तर मी स्वतः घेऊन येते."

दुकानात फोटो पाहून शेठ खुर्चीतून उठले. दहा मिनिटांत आतून दुसरं मशीन आलं, मोठं, नामांकित, मागे खूण असलेलं.

"घेऊन जा, मावशी. वरचे पैसे नकोत. फक्त इथे सही करा, तक्रार मिटली म्हणून. आईचा विचार करा."

आईचाच विचार ती करत होती. सही केली तर रात्री खोली कोरडी होणार होती. सही न करता तक्रार दिली तर शेठला उत्तर द्यायला कायद्याने पंधरा दिवस होते, आणि तोवर ओल आणि आईचा खोकला.

"बाकीच्या तेरा जणांचं काय?"

"कोण तेरा? त्यांची तक्रार आलीय का?"

"धूर निघाल्यावर येईल. कोणी जागं असलं तर."

तिने कागद तसाच परत सरकवला आणि जळकं मशीन घेऊन बाहेर पडली. संध्याकाळच्या आत नगरपालिकेत तक्रार लेखी देऊन पोच घेतली, आणि ती पोच पिशवीच्या आतल्या कप्प्यात ठेवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मंदिराजवळच्या तिच्या गाडीपुढे स्टुलावर ते मशीन उलटं ठेवलेलं होतं, वितळलेली जाळी लोकांकडे करून. वर पुठ्ठा: *वेंगकडून असं मशीन घेतलंय? आधी प्लग काढा. मग उलटं करून पाहा. बिल पेटीत टाकलं असलं तरी तक्रार करता येते. मला विचारा.*

"मावशी, सूप विकताय का भंगार?" एकाने टोमणा मारला.

"सूप पी आणि वाच."

एक बाई वाटी घेऊन वाचत उभी होती. वाचता वाचता तिने वाटी खाली ठेवली, फोन काढला.

"सासूबाईंच्या खोलीत जा. आत्ता. ते पांढरं मशीन... नाही, बटण नको, प्लगच काढ."

पलीकडून उत्तर येईपर्यंत ती त्या जाळीकडेच बघत होती. मग तिने मान हलवली आणि फेंगजूकडे वळली. "तक्रार कुठे करायची?"

फेंगजूने तिच्या वाटीवर ताटली झाकली आणि पिशवीतली पोच बाहेर काढली.