कावेरीबाईंच्या आवाजातलं मशीन

लातूरच्या एका छोट्या कंपनीत सुदाम प्रोग्राम लिहायचा. साखरेच्या आजारानं डोळ्याचा पडदा खराब होतो, तो वेळीच कळावा म्हणून कंपनीनं एक मशीन काढलं होतं. कॅमेरा डोळ्याचा फोटो काढणार, सुदामचा प्रोग्राम तो तपासणार आणि मशीन बोलून निकाल सांगणार. मालकीण रुद्राणी मॅडमनी त्यासाठी पुण्याच्या एका बाईचा आवाज आणला होता, "आपले नेत्र निरोगी आहेत." सुदाम म्हणाला, "मॅडम, हे ऐकून आमच्याकडची माणसं बँकेतून फोन आला म्हणून उठून जातील." मग त्यानं आपल्या आईचाच, कावेरीबाईंचा आवाज मोबाइलवर भरून आणला. "डोळं ठणठणीत हायती बगा. घोर करू नका." आणि दुसरा, "लगोलग दवाखाना गाठा. हयगय करू नका." मॅडम खूश झाल्या.

घोडं अडलं ते वेगात. शिबिरात न्यायचा लॅपटॉप जुनापुराणा, एकेक फोटो तपासताना रडकुंडीला यायचा. आणि आपल्या लोकांची रांग कशी असते ते काय सांगायचं! जरा वेळ लागला की मागून सुरू, "आरं, डोळं तपासायलाव का नवं बसवायलाव?"

सुदाम ज्या भाषेत प्रोग्राम लिहायचा, त्या सी शार्पमध्ये मेमरीची उस्तवार भाषाच करते. कुठली वस्तू कुठं ठेवलीय हे तुम्ही बघायचं नाही, तुम्ही नुसती मागायची. यात वेळ जातो. पण वेळ वाचवायचा एक चोरदरवाजा आहे: वस्तूचा पत्ता, म्हणजे पॉइंटर, हातात घ्यायचा आणि थेट तिथंच जाऊन वाचायचं. त्यासाठी 'अनसेफ' असा शब्द आपल्या हातानं लिहावा लागतो. बघा म्हणजे, भाषेनं सांगायचं काही बाकी ठेवलं नव्हतं! नांदेडजवळ विष्णुपुरीला इंजिनिअरिंग शिकत असताना सरांनीही बजावलं होतं, की पत्ता वापरून होईस्तोवर वस्तू जागेवर खिळवून ठेवायची, कारण ही भाषा मधूनच घर आवरते आणि सामान इकडचं तिकडं सरकवते. सुदामनं वस्तू खिळवली, पत्ता घेतला, खिळा काढला आणि पत्ता तेवढा जपून ठेवला. प्रत्येक फोटोला पुन्हा कुठं खिळे ठोकत बसायचं? ऑफिसात पाच-पन्नास फोटो तपासून पाहिले, सगळं बरोबर. मशीन वाऱ्यासारखं पळायला लागलं.

पुढचं शिबिर त्याच्याच गावात, औशाजवळ. कावेरीबाईंचा तोरा तर विचारू नका. घरोघर फिरून त्यांनी माणसं काढली. शेजारच्या नीलाबाई सुया-औषधांना भिणाऱ्या, त्यांना तर हाताला धरून आणलं. "चल गं, माज्या लेकाचं मशीन हाय. आन बोलतंय कोण ठाव हाय का? मीच!" पहिला नंबर शाळेच्या तरण्याबांड मास्तरानं लावला. मास्तर ठणठणीत. पुढं कावेरीबाई ठणठणीत, त्यांच्यामागं नीलाबाई ठणठणीत, सगळी रांग ठणठणीत. आपल्या गावाची तब्येत बघून सुदामला उलट अभिमान वाटला. मूर्ख लेकाचा.

सोयाबीन फुलोऱ्यात आलं तेव्हा कावेरीबाईंना डाव्या डोळ्यानं काळं जाळं दिसायला लागलं. मशीननं ठीक सांगितलेलं, तेही त्यांच्याच तोंडून, म्हणून त्यांनी कुणाला काही सांगितलं नाही. सांगितलं तेव्हा पडदा सुटलेला होता. लातूरच्या डॉक्टरांनी ऑपरेशन केलं आणि म्हणाले, "थोडं आधी आणायला पाहिजे होतं हो." तो डोळा गेला तो गेलाच.

सुदामनं मशीनमध्ये साठवलेला आईचा फोटो काढला आणि एकटाच तपासायला लावला. मशीन म्हणालं, लगोलग दवाखाना गाठा. मग अख्खी रांग ओळीनं चालवली, तर ठणठणीत. मास्तरचा फोटो तपासून झाल्या झाल्या भाषेनं घर आवरलं होतं. नवे फोटो नव्या जागी पडत होते आणि त्याचा पॉइंटर जुन्याच जागी वाचत होता. तिथं मास्तरचा फोटो तसाच पडून होता. अख्ख्या गावाला मास्तरच्या डोळ्यांचा निकाल मिळाला होता.

त्यानं चूक दुरुस्त केली आणि सगळे फोटो पुन्हा तपासले. चार जणांचे डोळे वाईट निघाले. सगळ्यांत वाईट नीलाबाईंचे. मॅडम म्हणाल्या, "दुरुस्त झालं ना? मग गावभर बोंबलू नकोस. कंपनी बसेल."  सुदामनं लॅपटॉप उचलला आणि औशाची बस धरली.

आईला त्यानं सगळं सांगितलं. भूकंपानंतर त्यांचं गाव उठून माळावर बसलेलं, म्हणून तिला कळेल असंच सांगितलं, "माय, आपण राहायला नव्या गावात, आन मी तुला हुडकाया जुन्या गावात गेलो बग." कावेरीबाई म्हणाल्या, "माज्या डोळ्याचं जाऊ दे. नीलीला बलाव."

नीलाबाई हातातला विळा न ठेवताच आल्या. सुदामनं हात जोडले, "मावशी, चूक माझी हाय. आत्ताच्या आत्ता लातूरला चला." लॅपटॉपवर त्यांचाच फोटो लावून ऐकवलं, लगोलग दवाखाना गाठा, हयगय करू नका.

नीलाबाईंनी ऐकलं आणि त्या हसल्या. "तवा येक बोलली, आता दुसरंच. मी कोनती कावेरी खरी धरू?"

"नीले, तवा मी खोटं बोलले गं," कावेरीबाई म्हणाल्या. सुदाम ओरडला, "माय, तू न्हाई, मी!" पण त्यांनी त्याच्याकडं बघितलंही नाही. "मीच बोलले. मीच तुला हाताला धरून नेलं. पाया पडते तुज्या, पर दवाखान्यात जा."

"तू आन खोटं!" नीलाबाईंनी त्यांच्या गालावरून हात फिरवला. "डोळा गेल्यापासून तुजं मन थाऱ्यावर न्हाई बग. आन ह्ये पोरगं बी तुज्यासंगं खुळ्यावानी करायलंय. मला काय बी झालं न्हाई."

"मावशी, उद्या तरी चला. मी गाडी आणतो."

"काडनी उरकू दे, मंग बगू." त्या उठल्या. दारातून बाहेर पडताना उंबऱ्याचा अंदाज चुकला, चौकटीला धरून सावरल्या आणि म्हणाल्या, "आज ऊन लईच हाय, काय दिसंना झालंय."

बाहेर आभाळ भरून आलेलं होतं.