भिंतीला हात लावायचा नाही

भाड्याची जागा बघायला गेलं की मालक आधी काय दाखवतो? नळाला पाणी येतं का ते नाही, खिडकीतून वारा येतो का तेही नाही. आधी भिंती दाखवतो, आणि लगेच त्या भिंतींना काय काय करायचं नाही ते सुनावतो. आपण सगळ्यांनी हे कधी ना कधी ऐकलेलं आहे. आणि देवाने दोन खोल्या जास्तीच्या दिल्या असतील, तर दुसऱ्याला ऐकवलेलंही आहे.

आपली ही मालकीणबाई त्यातलीच. खाली ती आणि तिची थोरली नणंद राहायच्या. नणंदेला सगळी गल्ली आक्का म्हणायची. वरची जागा भाड्याची. एक स्वयंपाकाची खोली, आणि एक झोपायची, इतकीशी की पलंग आणि कपाट ठेवलं की माणसाने अंग चोरूनच फिरावं. आधीच्या भाडेकरूंनी भिंतींची पार चाळण करून ठेवली होती. मालकीणबाईने ती सगळी भोकं बुजवून नवा रंग लावून घेतला, दुधावरच्या सायीसारखा. त्या रंगावर तिचा असा जीव जडला की पोटच्या पोरावर जडला नसेल. जिना चढून वर जायची, दारात उभी राहून बघायची, आणि खाली येऊन आक्काला सांगायची की वन्सं, खोली कशी नवरीसारखी दिसते. आक्का म्हणायची, "मग पदर घेऊन बसव तिला. भाड्याने कशाला देतेस?"

पण दिली. एक सून आणि तिचा सासरा अशी दोघं राहायला आली. सून तयार कपड्यांच्या दुकानात मापं ढिली-घट्ट करून देण्याचं काम करायची. सासरा जन्मभर बस चालवून निवृत्त झालेला, आणि आता दोन्ही डोळ्यांनी आंधळा. मधला दुवा म्हणजे त्याचा मुलगा, तिचा नवरा. तो आजारपणात गेला होता. तरुण बाई, माहेरी जायचं सोडून सासऱ्याचा हात धरून राहिली. बाबा, बाबा करत त्याच्या मागेपुढे असायची. तोही तिला सूनबाई म्हणत नसे, पोरी म्हणायचा.

सामान वर चढत होतं तेव्हाच मालकीणबाईने दारात उभं राहून सांगून टाकलं. "एकच सांगते, मागाहून कटकट नको. भिंतीला हात लावायचा नाही."

सुनेने मान डोलावली. तिला कळलं ते असं, की रंग द्यायचा नाही, खिळा ठोकायचा नाही, काही चिकटवायचं नाही. नवऱ्याचा फोटो तिने कपाटावर टेकवून ठेवला. म्हाताऱ्यानेही मान डोलावली. पण त्याला कळलं ते जसं बोललं होतं तसंच.

नव्या जागेत आंधळा माणूस कसा चालतो हे कुणी पाहिलं असेल तर ठाऊक असेल. तो भिंतीला तळवा लावून चालतो. म्हाताऱ्याने दोन्ही हात छातीशी धरले. काचेच्या दुकानात शिरलेलं गिऱ्हाईक चालतं, तसा तो पलंगापासून न्हाणीपर्यंत जायचा. काठीचं टोक घासेल म्हणून काठीसुद्धा दाराबाहेर, चपलांपाशी. सुनेच्या ते चार दिवस लक्षातच आलं नाही. लक्षात आलं तेव्हा तिने कपाळावर हात मारला. म्हणाली, अहो बाबा, त्या बाईंचं म्हणणं खिळ्याबिळ्यांबद्दल होतं, तुमच्या हाताबद्दल नव्हतं.

म्हातारा म्हणाला, "मी बस चालवली पोरी. पाटीवर लिहिलंय ते पाळायचं. अर्थ काढत बसलो असतो तर सगळ्यांना घेऊन दरीत गेलो असतो."

तिने मालकीणबाईला विचारून येते म्हटलं. त्याने तेही करू दिलं नाही. आंधळा म्हणून सवलत मागायची नाही, एवढा एकच ताठा त्याच्याकडे उरला होता. मग काय करणार? दुकानातून उरलेलं कातरण आणायची तिला मुभा होती. तिने एक जाड दोरी घेतली. पलंगाच्या खांबाला एक टोक, मग खिडकीचा गज, मग कपाटाची कडी, आणि शेवट न्हाणीच्या दाराच्या कोयंड्याला. कमरेइतक्या उंचीवर, भिंतीपासून वीतभर लांब. दोरीला ठिकठिकाणी कापडं गुंडाळली. पलंगाशी मऊ लोकरी कापड. खिडकीशी म्हाताऱ्याच्या जुन्या वर्दीची खाकी बाही, बटणासकट. कपाटाच्या कोपऱ्यावर, जिथे वळायचं तिथे मखमल. न्हाणीच्या दाराशी खरखरीत टॉवेलचा तुकडा. मधे मधे लाल, निळ्या, पिवळ्या चिंध्यांच्या पाकळ्या करून तिने फुलंही बांधली. बाबांना रंग दिसायचे नाहीत. पण खोली आंधळ्याची आहे म्हणून उघडीबोडकी ठेवायची, हे तिला पटत नव्हतं.

म्हाताऱ्याने पहिल्यांदा दोरीवरून हात फिरवला आणि एकेक कापड चाचपून पाहिलं. मग चालायला लागला. खाकीवर हात पडला की ओरडायचा, "खिडकी, खिडकीवाले उतरून घ्या." मखमलीवर आला की, "पुढे वळण आहे, धरून बसा." टॉवेल लागला की तोंडाने घंटी वाजवायचा, टिंग टिंग, शेवटचा थांबा. सून स्वयंपाकघरातून म्हणायची, सुट्टे पैसे द्या हो. नवरा गेल्यानंतर त्या घरात पहिल्यांदा कुणी हसलं असेल तर ते तेव्हा.

हे हसणं खाली ऐकू गेलं आणि मालकीणबाई वर आली. वर हसण्यासारखं काय चाललंय ते बघावं, आणि त्या निमित्ताने भिंतीही बघाव्यात. दारातून तिला काय दिसलं? तिच्या सायीच्या रंगापुढे लोंबणाऱ्या चिंध्या.

"हे काय, जुना बाजार मांडलाय का माझ्या खोलीत?"

सून पुढे झाली. भिंतीला कुठे स्पर्श नाही, बघा, असं सांगू लागली. मालकीणबाईने बोट फिरवून पाहिलं, बोट स्वच्छ. तरी म्हणाली की आज नाही घासत, उद्या घासेल, चिंधीचा रंग उतरेल. सुनेने सांगायचा प्रयत्न केला की हे बाबांसाठी आहे, त्यांना...

"त्यांच्यासाठी? ज्याला दिसत नाही त्याला कसली गं सजावट?"

म्हातारा तिथेच उभा होता, मखमलीवर हात ठेवून. सुनेचा चेहरा लाल झाला, ती काहीतरी बोलणार होती. पण त्याने हात वर केला, समोरून गाडी आली की थांबवायला करतात तसा.

"काढून टाकू बाई. तुमचं घर आहे."

आणि सुनेला हात लावू न देता त्याने स्वतःच्या बोटांनी एकेक गाठ सोडली. आधी टॉवेल, मग मखमल, मग खाकी. खाकी बाही त्याने घडी करून उशाखाली ठेवली. "मार्ग बंद," एवढंच म्हणाला, आणि तेही हसून. सून तोंड फिरवून खिडकीकडे बघत राहिली.

खाली आल्यावर मालकीणबाईने झालं ते सांगितलं. आक्का भाजी निवडत होती. म्हणाली, तू खोली दिलीस भाड्याने की नुसती बघायला दिलीस? मालकीणबाई म्हणाली, वन्सं, तुम्हाला मेली लोकांचीच बाजू घ्यायची सवय. विषय तिथेच संपला.

पुढे एके दिवशी दुपारी सून दुकानात असताना वर धप्प असा आवाज आला. मालकीणबाईला आधी वाटलं, कपाट पाडलं, भिंतीला खोक पडली. ती तणतणत जिना चढली. दार लोटलं, तर म्हातारा जमिनीवर पडलेला. पलंग आणि न्हाणी यांच्या बरोबर मधे. एक पाय कमरेपासून वेडावाकडा. आणि भिंत त्याच्या हातापासून वीतभर अंतरावर.

ती खाली बसली. घाबरली होती, म्हणून रागावूनच बोलली. "अहो आजोबा, भिंत हाताशी होती ना? तोल गेला तर धरायची नाही का?"

म्हाताऱ्याने आवाजाच्या दिशेने तोंड वळवलं. वेदनेने ओठ पांढरे पडले होते.

"तुम्हीच सांगितलं होतं ना बाई, भिंतीला हात लावायचा नाही म्हणून." आणि जरा थांबून म्हणाला, "बघा बरं, पडताना लागला तर नाही ना कुठे?"

मालकीणबाईने भिंतीकडे बघितलं. कुठेच काही नव्हतं. एक डाग नाही, एक ओरखडा नाही. इतकी स्वच्छ भिंत तिने जन्मात पाहिली नव्हती, आणि इतकी भयंकरही.

म्हाताऱ्याला दवाखान्यात नेलं. खुब्याचं हाड मोडलं होतं. त्या वयात पडून राहिलं की छाती भरते, तसंच झालं. मालकीणबाई रोज डबा घेऊन जायची, पण खोलीच्या दारातच थबकायची. आत सून त्याच्या हाताखाली खाकी बाही धरून बसलेली असायची, आणि त्याचा अंगठा बटण चाचपत असायचा. एके सकाळी तो अंगठा थांबला.

"मी खिळ्यांचं म्हटलं होतं हो वन्सं," मालकीणबाई घरी येऊन रडत म्हणाली. "हाताचं नव्हतं म्हणायचं मला."

आक्काने तिला रडू दिलं. मग म्हणाली, "म्हणायचं होतं ते तुझ्या पोटात राहिलं. त्याच्या कानात गेलं ते एवढंच. आणि ती पोर समजावून सांगत होती तेव्हा तू काय बघत होतीस? भिंत. भाडं घेतलंस त्या दिवशी तू खोलीत माणूस आत घेतलास गं. माणूस आला म्हणजे त्याचा हात येणार, हाताचा मळ येणार. तो नको होता तर कुलूप लावून ठेवायची होती."

सुनेने जागा सोडली. मालकीणबाई हातोडी आणि मूठभर खिळे घेऊन वर गेली. म्हणाली, जाऊ नकोस, हवं ते ठोक, हवा तो रंग दे, ती दोरी परत बांध. सून सामान बांधत होती. नवऱ्याच्या फोटोवर आता सासऱ्याचा फोटो ठेवून तिने दोन्ही एका चादरीत गुंडाळले.

"आता कुणासाठी बांधू?" ती म्हणाली. रडली नाही, भांडलीही नाही. दारात किल्ली हातावर ठेवताना मात्र बोलली, "भिंती जपा, मालकीणबाई."

जिन्यावरची पावलं खाली गेली. मालकीणबाई रिकाम्या खोलीत उभी राहिली. मग जिथे पलंग होता तिथे गेली, डोळे मिटले, दोन्ही हात छातीशी धरले, आणि न्हाणीकडे निघाली. चार पावलंही झाली नसतील. पायाखालची जमीन सरकल्यासारखं झालं, आणि तिचा हात तिला न विचारता भिंतीवर गेला. तळवा टेकला. थंड, गुळगुळीत भिंत. ती तशीच भिंतीला धरून खाली बसली आणि हुंदके देऊन रडली.

त्या जागेत आता दुसरं बिऱ्हाड आहे. नुकतं उभं राहायला लागलेलं एक मूल आहे त्यांच्यात. सामान चढत होतं तेव्हा मालकीणबाई दारात आली. नवी बिऱ्हाडकरीण घाईघाईने म्हणाली, आम्ही भिंती खराब करणार नाही हो. मालकीणबाईने मुलाचं बोट धरलं, त्याला भिंतीपाशी नेलं, आणि त्याचा चिकट, ओला हात भिंतीवर टेकवला.

"आमच्याकडे एकच नियम आहे," ती म्हणाली. "भिंतीला हात लावायचा."

घर भाड्याने देणाऱ्यांनो, रंग पुन्हा देता येतो, खिळ्याचं भोक बुजवता येतं. जी खोली तुम्ही दुसऱ्याला राहायला दिली, ती त्याला त्याच्यासारखी करू द्या, आणि निदान भिंतीला हात तरी टेकू द्या. येणारा भाडेकरू त्या म्हाताऱ्यासारखा तुमचे शब्द जसेच्या तसे पाळणारा असेल, हे तुम्हाला आधी कोण सांगणार आहे? म्हणून तोंडातून नियम काढण्याआधी आत राहायला आलेल्या माणसाकडे एकदा नीट बघा. मालकीणबाईने बघितलं तेव्हा तो जमिनीवर होता.