भोंगा बाजाराकडं

आमच्या माकणीच्या महिला मंडळाच्या अध्यक्षीण शांताक्का. चिटणीस मी, प्रेमाबाई, शाळामास्तरांची बायको. अध्यक्षीण म्हणजे खुर्चीत बसायचं आणि चिटणीस म्हणजे ती खुर्ची कुणाच्या तरी घरून मागून आणायची. शांताक्कांचे मालक महालिंगप्पा सरपंच, म्हणून त्या अध्यक्षीण. दुसरं कर्तृत्व मला आजतागायत सापडलेलं नाही.

तेही मी गिळलं असतं. पण संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वीस बायकांसमोर त्या म्हणाल्या, "मास्तरीण म्हंजे आपली कामवालीच की. पगार न्हाय एवढंच." बायका खो खो हसल्या. मीही हसले. घरी येऊन मात्र रडले, आणि रडताना ठरवलं की हे हसू शांताक्कांच्या पदरात परत घालायचं.

त्यांची सून पार्वतम्मा. बेंबळीची पोर, वीस-बावीस वर्षांची, कडेवर अडीच वर्षांचा मुलगा. आमची आणि त्यांची भिंत एक. रोज पहाटे ती जात्यावर बसायची, पोर तिच्या मांडीवर डोकं ठेवून झोपायचं आणि ती गायची. गळा असा की मी चूल पेटवायची विसरायचे. गायची काय, तर सासूचा छळ. आणि सासू चार हातांच्या अंतरावर अंथरुणात पडून तो ऐकायची. त्यात नवल नाही. आमच्याकडं जात्यावर बसलेल्या बाईला कुणी जाब विचारत नाही. शांताक्कांनीही आपल्या सासूला जात्यावर मनसोक्त शिव्या घातल्या असणार. पीठ भरून उठलं की ते बोलणं तिथंच राहतं.

पार्वतम्मा तीन वर्षांत माहेरी गेली नव्हती. आता धाकट्या भावाचं लग्न होतं. महिनाभर पाय धरल्यावर शांताक्का कबूल झाल्या होत्या. मंडळाच्या मेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी बेंबळीहून गाडी यायची होती. परसात भेटली की पोरगी दुसरं बोलायचीच नाही. "मास्तरीणबाई, आता चार रोज ऱ्हायले. मास्तरीणबाई, आता दोनच."

मेळावा महादेवाच्या देवळापुढं, मांडव घालून. जिल्हा मुंबई राज्यात येऊन अडीच वर्षं झाली होती आणि गावोगाव मंडळं निघत होती. उमरग्याहून मुख्यसेविका बाई येणार होत्या. रांगोळ्या, मण्यांची तोरणं, भरतकाम, भाषणं, गाण्यांची स्पर्धा, सगळं होतं. बाईंनी जुन्या वस्तूही मांडायला सांगितल्या होत्या, म्हणून मी शांताक्कांचं जातं दोन गड्यांकडून उचलून आणलं आणि बरोबर मधोमध ठेवलं. पुरुषांना मांडवात बंदी होती.

चाँदपाशा लाउडस्पीकरवाला बॅटरीवरचं सामान घेऊन आला. त्यानं विचारलं, "बाई, अंदर तर समद्या बायकाच. भोंग्याचं तोंड कुणीकडं करू?"

तो बाजारचा दिवस होता. देवळाच्या पलीकडं अर्ध्या तालुक्याचे पुरुष जमले होते.

"बाजाराकडं," मी म्हटलं. "उंच बांधा."

मुख्यसेविका बाईंचं भाषण छान झालं. स्त्रियांनी आता बोलतं व्हावं, मनात कुढू नये, असं त्यांनी तीनदा सांगितलं. मग त्यांना आमच्याकडची गाणी ऐकायची होती. मी माइकवर पार्वतम्माचं नाव पुकारलं आणि तिला पुढं घेतलं. ती मागं सरू लागली.

"मला त्या जात्यावरच्याच येत्यात. दुसरं न्हाय येत."

"त्याच गा की. समद्या बायकाच हाईत. ओवी कुणी मनाला लावून घेतंय व्हय?"

तिनं माइकला बोट लावून पाहिलं. "ह्ये काय हाय?"

"मागं बसलेल्यांना ऐकू यावं म्हणून," मी म्हणाले. खोटं नव्हतं. अर्धं होतं.

तिनं सासूकडं पाहिलं. शांताक्कांनी मान डोलावली. आपल्या सुनेला पुढं बोलावलं याचा त्यांना अभिमानच वाटला असावा. पार्वतम्मा जात्याशी बसली, पोर नेहमीसारखं मांडीवर कलंडलं, तिनं खुंटा धरला आणि मांडव तिच्या लेखी नाहीसाच झाला.

"गुळाचा ग खडा, लेकराच्या हाती दिला
तापल्या उलथण्यानं, हात माझा डागियेला."

बायका हसल्या, मायेनं हसल्या. प्रत्येकीकडं अशी एक ओवी असतेच. शांताक्काही हसल्या. मुख्यसेविका बाई वहीत उतरवून घेत होत्या.

"कंथ माझा बाई, उंबऱ्याशी उभा राही
माय त्याची मारी मला, भिंतीकडं तो ग पाही."

आणि बाजारातून हसण्याचा लोंढा आला. पुरुषांचा. शिट्ट्या आल्या. कुणीतरी ओरडलं, "शिवलिंगप्पा, भिंत कुठाय रं?" शिवलिंगप्पा तिचा नवरा. तो तिथंच ज्वारीच्या ढिगाशी उभा होता.

पार्वतम्माचा हात थांबला. तिनं वर पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं. तेव्हा तिला कळलं. शांताक्कांचा चेहरा राखेसारखा झाला होता, आणि मला, काय सांगू, फार बरं वाटलं. इतकं बरं मला माझ्या लग्नातही वाटलं नव्हतं. मुख्यसेविका बाई टाळ्या वाजवत म्हणाल्या, "किती अस्सल! पहिला नंबर!"

दुसऱ्या दिवशी बेंबळीची गाडी आली. बैलांच्या शिंगांना लग्नाचे गोंडे होते. दारात सगळी आळी जमली होती. पार्वतम्मा नवं लुगडं नेसून, पोराला कडेवर घेऊन बाहेर आली. तिचा एक डोळा सुजून मिटला होता. मागून शांताक्का आल्या आणि त्यांनी पोर तिच्या कडेवरून काढून घेतलं.

"माहेरला जायाचं व्हतं न्हवं? जा. आता तितंच ऱ्हा."

"आत्याबाई, लेकरू..."

"लेकरू आमचं हाय."

शिवलिंगप्पा उंबऱ्याशी उभा होता. तो भिंतीकडं पाहत होता.

पार्वतम्मा धावत माझ्याकडं आली आणि तिनं माझे दोन्ही हात धरले. तिच्या मनगटावरचा तो डाग मी प्रथमच जवळून पाहिला. "मास्तरीणबाई, तुमीच सांगा की ह्यास्नी. समद्या बायकाच हाईत, असं तुमीच म्हणलाव. भोंग्याचं मला ठावं नव्हतं, सांगा की!"

सगळी आळी माझ्याकडं पाहू लागली. शांताक्काही. एक वाक्य पुरलं असतं. पण ते वाक्य बोलले असते तर पुढचा प्रश्न मला आला असता, की भोंगा तिकडं कुणी फिरवला.

"म्या कवा म्हणलं?" मी म्हणाले आणि हात सोडवून घेतले.

भावानं तिला उचलूनच गाडीत घातलं. ओढ्यापर्यंत तिचं ओरडणं ऐकू येत होतं.

महिन्याभरानं उमरग्याहून प्रशस्तिपत्रक आलं. लोकगीत गायन, प्रथम क्रमांक, सौ. पार्वतम्मा. ते माझ्या पेटीत, लुगड्यांच्या खाली आहे. शांताक्का अजून अध्यक्षीण आहेत आणि खुर्च्या मीच मागून आणते.

जातं परत त्यांच्या घरी गेलं. आता पहाटे शांताक्का दळतात. गात नाहीत. जात्याची घरघर सुरू झाली की ते पोर उठतं, धडपडत येऊन मांडी शोधतं आणि आईला मारायची तीच हाक मारतं, "अव्वा, गा." शांताक्का दळत राहतात. मग ते आपलं आपणच गातं. त्याला दुसरं काही येत नाही.

"गुलाचा ग खला, लेकलाच्या हाती दिला..."

भिंतीपलीकडं चापटीचा आवाज होतो, मग रडणं. मी पांघरूण डोक्यावर ओढते. तरी ऐकू येतं.